मोडायची नोकरी

सोसायटीतले विचारतात, तुम्ही लोक बनवता काय?
मी सांगते, काही नाही. आम्ही मोडतो.

रबाळेच्या एमआयडीसीत, बिस्किटांच्या कारखान्यामागे
पत्र्याची एक शेड. दारावर पाटी नाही.
आत सिमेंटात रोवलेली चौकट
आणि चौकटीच्या जबड्यात
हातभर लांबीची पोलादी कांडी.
पिच लिंक म्हणतात तिला.
बर्फाच्या डोंगरांवर, विरळ हवेत,
पात्यानं किती कलायचं ते तिनं सांगायचं,
दर फेरीला, न कंटाळता.
हेलिकॉप्टरचा फोटो छापून येतो तेव्हा
ती फोटोत असते, पण दिसत नाही.

सेकंदाला पाचदा ओढायची, पाचदा दाबायची.
काउंटर पळतो. आम्ही चहा पितो.
झुलेखा पारकरनं महिनाभर आकडे घासून लिहिलं होतं:
तीस लाख आवर्तनं, सहज.
सहज हा शब्द पेनानं अधोरेखित.
ती एरवी कशालाच सहज म्हणत नाही.

पाचव्या रात्री, हवेत भाजलेल्या मैद्याचा वास,
दत्तू केणी डबा अर्धा टाकून उठला.
"मॅडम, इकरं या. आवाज फुटलाय."
पडद्यावर सगळ्या रेषा जागच्या जागी.
सेन्सरला काही ऐकू येईना, मलाही नाही.
तो नुसता तळवा चौकटीवर टेकून उभा,
गाभण म्हशीच्या कुशीवर ठेवावा तसा.
या शेडखाली त्याच्या बापाचं भाताचं खाजण होतं.
कधी पावलांनी मोजून दाखवतो,
ड्रिल मशीनपाशी बांध, कंप्रेसरपाशी उघाडी.
"भरती फोडायच्या आदी बांध बोलतो," म्हणाला,
"आमाला म्हायती."

बंद केलं. सतरा लाख एकेचाळीस हजार दोनशे सहा.
लाल द्रव लावला, पुसला, पांढरी भुकटी मारली,
आणि पांढऱ्यावर लाल, हळूहळू, तडा वर आला.
नखाएवढा लांब, केसाहून बारीक,
दांडा डोक्याला मिळतो त्या वळणावर.

ते वळण माझं.
तिथली त्रिज्या मी दीड मिलिमीटरनं कमी केली होती,
शेजारच्या बोल्टला जागा हवी म्हणून,
एका शुक्रवारी, निघायच्या घाईत.
सही माझी. तारीखही.

झुलेखा सकाळी आली. भिंगातून बघत राहिली.
ओरडली असती तर बरं वाटलं असतं.
"इथं मोडलं," एवढंच म्हणाली,
आणि 'इथं' वर जरा थांबली.
मग दोघी बाहेर आलो. पारसिकच्या डोंगरावर
एक घार, पंख न हलवता, नुसती शेपूट कलती करत
वळत होती. आम्ही तिच्याबद्दल काही बोललो नाही.

भारांच्या तक्त्यात एक ओळ आहे: तोफेचे धक्के,
सेकंदाला बारा.
त्यातला कांडीपर्यंत किती पोचतो, मला तोंडपाठ आहे.
नळीच्या पुढे, पलीकडे, कुणापर्यंत पोचतो
तो रकाना आमच्याकडे येत नाही.
मुलीनं एकदा विचारलं होतं.
मी तिला बिस्किटांविषयी सांगत बसले.

त्रिज्या परत वाढवली. बोल्ट सरकवला.
बोल्टसाठी कंस बदलला, कंसासाठी साचा,
साच्यासाठी अकरा सह्या, आणि सात महिने.
मोडलेली कांडी माझ्या टेबलावर आहे,
कागद उडू नयेत म्हणून.

त्यानंतर कधीतरी, दुसऱ्या राज्यात, पहाटे,
ते उडालं म्हणे. तेवीस मिनिटं.
फोनवर मी विचारलं, पायलट काय म्हणाला?
सीट गरम होतं, म्हणाला.
लिंकबद्दल? लिंकबद्दल काही नाही.
झुलेखानं पेढे मागवले, केणीनं दोन खिशात टाकले.

नवी कांडी जबड्यात आहे.
काल रात्री काउंटरनं तीस लाख ओलांडले.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
केणी अधूनमधून येतो, तळवा ठेवतो,
मान हलवतो, परत डब्याकडे जातो.
एकतीस लाख चार हजार.
अजून मोडलेली नाही.
आम्ही थांबवलेलं नाही.